सापाच्या पानात काय वाढावे?



'सापाला दूध पाजणे' हा आपल्या भाषेतला जुना वाक्प्रचार. कृतघ्न माणसावर उपकार केले म्हणजे आपण तो सहज वापरतो. पण या वाक्प्रचारात सापावर मोठा अन्याय झालेला आहे, कारण दूध हे सापाचे अन्नच नव्हे. ते पचविण्याची सोय त्याच्या पोटात नाही. नागपंचमीपूर्वी गारुडी त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवी, म्हणून पुढे आलेले दूध तो पाण्यासारखे पिई. कधी ते फुप्फुसात शिरे आणि मागाहून तो बिचारा मरून जाई. दूध वाहणारे मात्र पुण्य जोडल्याच्या समाधानात घरी परतलेले असत.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे, की तिचीच एक नवी आवृत्ती शहरांतून निघाली आहे. बेंगळुरूजवळच्या हेब्बाळ येथे १९५८ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी जनावरांचा डॉक्टर म्हटला, की त्याच्यापुढे गाय, म्हैस, बैल, फार तर एखादा कुत्रा उभा राही. आज हेब्बाळ शहराच्या पोटात आले आहे, आणि याच शहरात हौशी लोकांच्या सदनिकांमधून काचेच्या पेट्यांत आफ्रिकेतले बॉल पायथन नि अमेरिकेतले कॉर्न स्नेक पाळले जातात. आपल्याकडचे साप घरी ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, म्हणून ही हौस परदेशी सापांवर भागविली जाते. त्यांतही ज्यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित केला आहे, अशा जातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक केली आहे. बॉल पायथन त्यांपैकीच एक होय.

साप घरी आला, की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो : याला खाऊ काय घालावे? उत्तर सोपे आहे, उंदीर. परंतु ज्या घरात मांस शिजत नाही, किंवा शिजले तरी ते साफ करून, तुकडे करून बाजारातून येते, तेथे शेपटीसकट उंदीर शीतपेटीत ठेवणे जड जाते. मग मनात येते, की कोंबडीचे बोनलेस तुकडे दिले तर? खिमा दिला तर? डब्यातले सॉसेज दिले तर? मांस ते मांसच, नाही का?

नाही. येथेच आपली गल्लत होते. सापाचे जेवण म्हणजे मांस नव्हे, सापाचे जेवण म्हणजे प्राणी. तो चावत नाही, सोलत नाही, निवडत नाही. सबंध भक्ष्य गिळतो. हाडांतून त्याला चुना मिळतो, यकृतातून अ जीवनसत्त्व मिळते. सबंध उंदरात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसपेक्षा थोडे अधिकच असते. नुसत्या स्नायूच्या मांसात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. अशा आहारावर महिनोन् महिने ठेवलेल्या प्राण्याचे शरीर रक्तातली उणीव भरून काढण्यासाठी स्वतःच्या हाडांतला चुना काढू लागते आणि हाडे ठिसूळ होतात. पाळीव सरडे व कासवे यांच्यात हा रोग नेहमी दिसतो. सापांत तो क्वचित दिसतो, आणि त्याचे कारण हेच, की बहुतेक साप अजून सबंध भक्ष्यावर आहेत.

अर्धवट विचाराने केलेला बदल कसा नडतो, याचे दुसरे उदाहरण गार्टर स्नेक या अमेरिकी सापांचे आहे. काही जातींच्या माशांत थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करणारा पदार्थ असतो. केवळ असल्या माशांवर ठेवलेल्या सापांना झटके येतात आणि तोल सावरता येत नाही. पोट भरलेले असते, पण पोषण झालेले नसते.

सापाची पचनशक्तीही सामान्य नव्हे. बर्मी अजगर मोठे भक्ष्य गिळतो तेव्हा त्याचे आतडे वाढते, आणि दोन दिवसांत हृदयसुद्धा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढू शकते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पुढे २००७ साली आपल्या प्रश्नाशी अगदी निकटचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी अजगरांना गोमांस कच्चे, शिजवून, बारीक करून, आणि शिजवून बारीक केलेले, असे चार प्रकारे दिले. शिजविल्याने पचनाचा खर्च सुमारे तेरा टक्क्यांनी घटला, बारीक केल्याने बारा टक्क्यांनी, आणि दोन्ही केल्याने तेवीस टक्क्यांनी. माणसाने अन्न शिजवावयास घेतल्याने त्याचा काय लाभ झाला असेल, हे या प्रयोगातून अजमावावयाचे होते. म्हणजे अजगर खिमा पचवू शकतो, हे खरे. परंतु तो पचतो म्हणून तो पुरतो, असे या प्रयोगाने दाखविलेले नाही. शिवाय पेटीतल्या सापाला श्रम वाचविण्याची गरज कोठे आहे? त्याचे दुखणे बहुधा अति खाण्याचे आणि लठ्ठपणाचेच असते.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. परदेशात ससा, लावा यांसारखे प्राणी हाडे आणि आतड्या-काळजासकट दळून सापांसाठी वळकटीसारखे खाद्य करतात. त्याची आणि आपल्या दुकानातल्या सॉसेजची बरोबरी नाही. पहिल्यात निदान सबंध प्राण्याचा ऐवज आहे. दुसऱ्यात मीठ, मसाला, पिठूळ पदार्थ आणि टिकाऊपणाची रसायने आहेत. तरीही पुष्कळ साप त्या वळकटीकडे ढुंकून पाहत नाहीत. सापाला भक्ष्य ओळखू येते ते मुख्यतः जिभेने टिपलेल्या गंधावरून, म्हणून तिला उंदराचा वास चोळावा लागतो.

आणि दयेचे काय? ज्याला उंदराची दया येते, त्याची मी थट्टा करणार नाही. ती चांगल्या मनाची खूण आहे. पण वळकटीतला ससाही मेलेलाच असतो. वाचते ती आपली नजर, जीव वाचत नाही. खरी दया करावयाची, तर जिवंत उंदीर पेटीत सोडू नये. तो भीतीने अर्धमेला होतो, आणि उलटून सापालाही गंभीर जखमा करतो. वेदना न देता मारलेला, गोठविलेला उंदीर कोमट पाण्यात पूर्ण उबवून द्यावा, आणि मोठ्या सापाला तो रोज नव्हे, एक-दोन आठवड्यांनी द्यावा.

निसर्गाने प्रत्येक सापाचे पान निरनिराळे मांडले आहे. धामण उंदीर खाते, दिवड बेडूक नि मासे, वाळा मुंग्या-वाळवीची अंडी, नागराज तर दुसरे साप. विदर्भात या शतकाच्या आरंभी आढळलेला अंडीखाऊ साप केवळ पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो. यांतल्या कोणालाही आपली चव, आपला सोवळेपणा वा आपला संकोच ठाऊक नाही.

म्हणून साप पाळण्यापूर्वी मनाला एवढेच विचारावे, की त्याचे जेवण त्याच्या रीतीने वाढणे मला जमेल काय? उत्तर नकारार्थी आले, तर त्यात कमीपणा मुळीच नाही. ससा पाळावा, पोपटांचे थवे झाडावर पाहावेत, हेब्बाळच्या तळ्यावर जाऊन पाणपक्षी निरखावेत. परंतु सापाला घरी आणून त्याला आपल्यासारखे जेवावयास लावू नये. वाटीभर दूध पुढे ठेवणाऱ्या भाविकाने त्याच्यावर प्रेमच केले होते. त्या प्रेमाने साप काही जगला नाही.