प्राणहितेच्या काठचा महाकाय

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून पुढे वाहणारी प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. तिच्या काठी कोटा नावाचे एक लहानसे खेडे आहे. ते नकाशात शोधावेच लागेल. परंतु देशोदेशीच्या भूशास्त्रज्ञांना त्याचे नाव ठाऊक आहे. या खोऱ्यातील काही प्राचीन खडकांना 'कोटा थर' असे म्हणतात, ते याच गावावरून.

याच खोऱ्यात, पोचमपल्ली या गावाजवळ, १९५८ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत प्रचंड आकाराची हाडे सापडली. (साड्यांसाठी प्रसिद्ध असलेले पोचमपल्ली ते निराळे.) ती खणून काढली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी. आकडेमोड करणाऱ्या संस्थेचा हाडांशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. पण संस्थापक महालनोबिस यांची दृष्टी व्यापक होती, आणि त्यांनी भूशास्त्रालाही तेथे घर दिले. हाडे निघाली सुमारे ३०० आणि ती किमान सहा प्राण्यांची होती. एकेक मांडीचे हाड १.७ मीटर लांब, म्हणजे उभ्या माणसाएवढे!

वस्तुतः ही हाडे आता हाडे उरलेली नव्हती. मेलेले जनावर उघड्यावर पडले, तर कोल्ही-गिधाडे आणि ऊनपाऊस त्याचा मागमूसही ठेवीत नाहीत. ते नदीच्या गाळात चटकन पुरले गेले, तर मात्र निराळे घडते. मांस कुजून जाते. वरचा गाळ वाढत, दबत दगड होतो. आणि झिरपणाऱ्या पाण्यातील खनिजे हाडांच्या बारीक छिद्रांत साचून हाडालाही दगडाचे वजन आणि काठिण्य आणतात. आकार मात्र जसाच्या तसा राहतो. असा अवशेष म्हणजे जीवाश्म.

पोचमपल्लीला हाडांबरोबर वृक्षांचे अश्मीभूत ओंडकेही होते. त्यावरून संशोधकांनी तर्क केला, की एखाद्या महापुरात हा कळपच्या कळप झाडांसह वाहून आला असावा. तो पूर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. मनुष्याचा तर त्या वेळी मागमूसही नव्हता.

१९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. म्हणून १९७५ मध्ये या प्राण्याचे बारसे झाले तेव्हा त्याला 'बारापासॉरस टागोरेई' हे नाव मिळाले. त्यातील 'बारा' आकड्यातले नव्हे. 'बारा पा' म्हणजे बडे पाय. कवीचे नाव असल्या अवाढव्य जनावराला द्यावे, हे मोठे गोड वाटते. जनावर होतेही शाकाहारी: चमच्यासारखे त्याचे जे थोडे सुटे दात मिळाले, ते पाला ओरबाडण्याजोगे आहेत.

त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या त्या संस्थेत उभा आहे. मान, पाठ, पाय, शेपूट यांची हाडे मिळाली. कवटी तेवढी मिळाली नाही. अशा लांबमान्या प्राण्यांची कवटी नाजूक असे आणि मेल्यावर ती मानेपासून लवकर सुटे. पुराने ती कोठे नेली, कोणास ठाऊक!