रात्रपाळीच्या सिस्टर



‘बेल वाजवली तरी सिस्टर येत नाहीत,’ ही तक्रार मी आपल्या मंडपातही ऐकते. म्हणून थोडा हिशेब सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार जनरल वॉर्डात ५ रुग्णांमागे एक परिचारिका हवी, अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे. इथे दिल्लीत एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळीला आम्ही ३० खाटांना दोघी होतो. सलाइन, इंजेक्शनं, चार्ट. वॉर्डबॉय आला नाही तर स्ट्रेचरही आम्हीच ढकलायचा. हँडओव्हर देऊन निघेपर्यंत नऊ वाजत, जादा वेळेचे पैसे नाहीत. नोकरी सोडावी, तर मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात! केरळच्या मैत्रिणींवर तर शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये पगार द्यावा, असं तिने सुचवलं. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोडली. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली, तीही परिचारिकांनी रेटा लावल्यावर.

रुग्णालय निवडताना आपण एसी खोली, पार्किंग सगळं विचारतो. रात्री त्या मजल्यावर सिस्टर किती असतात, हेही काउंटरवर विचारा. उत्तर लेखी मागितलंत तर उत्तमच.