कृषिदूतांना हिशेबाला बसवा
(छत्रपती संभाजीनगर जिल्हा बैठकीतील भाषण)



विद्यापीठांची सामाजिक जबाबदारी हा शब्द हल्ली प्रत्येक समारंभात ऐकू येतो. झाडे लावली, गाव झाडले, फोटो काढला की जबाबदारी संपली! परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. त्याच साली मराठवाड्यात दुष्काळ पडला. शेतकऱ्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या विद्यापीठाकडून आम्हाला झाडू नको, हिशेब पाहिजे.

विद्यापीठाने काहीच दिले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. नांदेडच्या केंद्राचे एनएचएच ४४ हे कपाशीचे वाण बीटी येण्याआधी आपल्या कोरडवाहू रानांत वर्षानुवर्षे पिकले. परभणी मोती ज्वारीही विद्यापीठाचीच. पण पीक कसे वाढवावे हे सांगणारे, पीक विकून हाती काय उरले हे विचारत नाहीत.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुले ग्रामीण कार्यानुभवासाठी आपल्या गावात येतात. मुले कृषिदूत, मुली कृषिकन्या. ती बीजप्रक्रिया दाखवतात, शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजतात, कपाशीत कामगंध सापळे लावतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने केलेला नाश पाहिल्यावर सापळ्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण ही मुले शिकवायला येतात. त्यांनी शिकायलाही यावे.

म्हणून त्यांच्या हाती एक वही द्या. एक रान कपाशीचे, एक ज्वारीचे. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी लिहा म्हणावे. घरच्या बाईने खुरपणीला आणि वेचणीला घातलेले दिवस मोजा. बैलांचा खर्च, जमिनीचा खंड, भांडवलावरचे व्याज धरा. ज्वारीचा कडबा जमेला लावा. शेवटी काट्यावरची पट्टी. वजाबाकी मुलानेच करावी.

खंड आणि व्याज कशाला? २०१८ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट भाव जाहीर झाला. पण खर्च धरला तो खिशातला आणि घरच्या मजुरीचा. खंड आणि भांडवलावरचे व्याज बाहेरच राहिले. आणि पीकखर्चाचे आकडे केंद्रासाठी गोळा करण्याचे काम महाराष्ट्रात राहुरीचे कृषी विद्यापीठच करते. तेव्हा हिशेब हे विद्यापीठाचे काम नव्हे, असे कोणी म्हणू नये.

यातून विद्यार्थ्याचे काय होते? आम्हीही कृषी पदवीधर. वर्गात आम्हाला उत्पादन वाढवायला शिकवले, उत्पन्न मोजायला नाही. आजचा विद्यार्थी बहुधा शेतकऱ्याचाच पोर. बाप अडाणी म्हणून कर्जात बुडाला, असे त्याच्या मनात भरवलेले असते. आपल्या हाताने वजाबाकी केली की त्याला कळते, बापाची मेहनत कमी नव्हती, भाव कमी होता. उद्या तो कृषी खात्यात जाईल, बँकेत बसेल, कंपनीची औषधे विकेल. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे तो मग वेगळ्या नजरेने पाहील.

अडचण एकच. वेचणी अर्ध्यावर असते आणि मुलांचे सत्र संपते. रब्बीची ज्वारी तर तेव्हा गुडघ्याएवढी. म्हणून या बैठकीने दोन ठराव करावेत. माल विकेपर्यंतचा हिशेब पुरा करायला विद्यार्थ्याने परत यावे आणि त्या कामाला गुण असावेत, अशी मागणी विद्यापीठाकडे करावी. आणि तो हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. एक प्रत महाविद्यालयात, एक गावात राहावी.

मुले आली की त्यांना भाकरी द्या, राहायला खोली द्या. पण वही भरल्याशिवाय सही देऊ नका.