पायांचे जुनाट दुखणे : कारणमीमांसा व उपाय



ग्रामीण भागातील आरोग्याचा विचार करताना साथीचे रोग, बाळंतपण आणि कुपोषण यांकडे स्वाभाविकपणे प्रथम लक्ष जाते. पायांच्या दुखण्याकडे मात्र वयाचा किंवा कष्टाचा अपरिहार्य भाग म्हणून पाहिले जाते. या दुखण्याने माणूस सहसा दगावत नाही. परंतु त्याचे काम थांबते, मजुरी बुडते, आणि घरातील स्त्रीचे पाय दुखू लागले की साऱ्या घराचा गाडा अडतो. म्हणूनच हा प्रश्न आरोग्याचा आहे, तितकाच ग्रामीण उत्पादनाचाही आहे.

या दुखण्याची व्याप्ती किती, याचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका खेड्याने दिले आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत घरोघरी पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढांच्या या पाहणीत जवळजवळ १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे असल्याचे दिसून आले. आमवातासारखा गंभीर सांधेरोग त्यांपैकी थोड्यांनाच होता. दुखणारे पुष्कळ, पण त्यांतील गंभीर रोगी थोडे. या थोड्यांना वेळीच ओळखणे आणि उरलेल्यांना सोप्या उपायांनी आराम देणे, हे या प्रश्नाचे खरे सूत्र होय.

कळमनुरीचे कष्ट

कळमनुरी तालुक्यातील जीवन शेतीवर उभे आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला. या जिल्ह्याची आजची एक ओळख म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु हळदीच्या प्रत्येक पोत्यामागे गुडघे दुमडून केलेले काम असते. हळद खणल्यावर माती झाडून गड्ड्यापासून हळकुंडे मोडण्याचे काम स्त्रिया उकिडव्या बसून दिवसचे दिवस करतात. निंदणी-खुरपणी उकिडवी, सोयाबीनची कापणी वाकून, कापसाची वेचणी कमरेला ओटी बांधून. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढतात. या कामांचा भार गुडघे, कंबर आणि पोटऱ्यांवर पडतो.

दुखते कोठे, यापेक्षा दुखते केव्हा

पायदुखीचे कारण शोधताना एक प्रश्न फार उपयोगी पडतो : पाय दुखतो केव्हा?

उठता-बसताना, जिना चढताना गुडघा दुखत असेल आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर ती बहुधा गुडघ्याच्या कुर्चेची झीज असते. पन्नाशीनंतर ती पुष्कळांत आढळते आणि वजन वाढलेले असल्यास लवकर येते. याउलट आखडलेपणा तासाहून अधिक टिकत असेल आणि हातांचे लहान सांधेही सुजत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी. आमवातावर लवकर उपचार सुरू झाले तर सांधे वाकडे होण्याचे टळू शकते.

कंबरेतून निघून नितंब व मांडीच्या मागून गुडघ्याखाली उतरणारी, खोकताना वा शिंकताना वाढणारी कळ म्हणजे सायटिका. दोष पायात नसून मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतूवर पडणाऱ्या दाबात असतो. बहुसंख्य रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. वयस्कर माणसाचे पाय चालताना व उभे राहताना भरून येत असतील आणि वाकून बसल्यावर हलके होत असतील, तर मणक्यातील पोकळी अरुंद झालेली असू शकते. असा माणूस सायकल सहज चालवतो, पण ताठ चालू शकत नाही.

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येणे आणि नुसते उभे राहिल्यावर दोन-चार मिनिटांत तो जाणे, हे रोहिण्या अरुंद झाल्याचे लक्षण आहे. पायाला रक्त कमी पडते, म्हणून स्नायू तक्रार करतो. तंबाखू व मधुमेह ही याची प्रमुख कारणे होत. बिडी ओढणाऱ्या तरुणांत बर्गरचा रोग या नावाची व्याधी आढळते. तीत बोटे थंड पडतात, निळी-काळी होतात आणि अखेरीस कापावी लागतात. घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाची तुलना करून या रोगाचे प्राथमिक निदान होऊ शकते.

दिवसभर उभे राहून काम करणारे शिक्षक, पोलीस व दुकानदार यांचे पाय सायंकाळी जड होतात, घोटे सुजतात, पोटरीवर निळ्या शिरा फुगून दिसतात. पाय उशीवर उंच ठेवल्यास यात बरे वाटते.

रात्री तळपायांची आग होणे, मुंग्या येणे, चप्पल पायातून निसटली तरी न कळणे ही मज्जातंतूंच्या हानीची लक्षणे होत. मधुमेह, जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव, मद्यपान आणि कुष्ठरोग या चार कारणांचा येथे विचार करावा. अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल किंवा चालताना पाऊल लोंबत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करावी. त्यावरील बहुविध औषधोपचार सहा ते बारा महिन्यांचा असून तो शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो.

मांड्या व हाडे ठणकणे आणि जमिनीवरून उठताना हातांचा आधार घ्यावा लागणे, हे जीवनसत्त्व ड ची उणीव सुचवते. घरातच वावरणाऱ्या आणि लागोपाठ बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत याकडे विशेष लक्ष द्यावे.

मुलांचे पाय

सायंकाळी दोन्ही पाय दुखतात आणि सकाळी मूल खेळू लागते, ही वाढत्या वयातील सामान्य तक्रार आहे. परंतु एकच पाय दुखणे, लंगडणे, ताप किंवा सूज असल्यास मुलास रुग्णालयात न्यावे. कळमनुरी तालुक्यात आदिवासी वस्ती मोठी आहे. राज्याच्या आदिवासी भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. हातपाय वारंवार असह्य दुखणे, फिकटपणा व डोळ्यांत पिवळेपणा ही त्याची खूण होय. शाळेत असे मूल ‘कामचुकार’ ठरण्याचा धोका असतो. रक्ताच्या साध्या चाचणीने त्याची प्राथमिक तपासणी होते. १ जुलै २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू झाले आहे.

ज्यांत विलंब करू नये

लघवी वा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातील शक्ती एकाएकी कमी होणे. एकच पोटरी अचानक सुजून दुखणे, विशेषतः बाळंतपण, शस्त्रक्रिया वा दीर्घ अंथरुणानंतर. पाय एकाएकी थंड व पांढरा पडणे. मधुमेही व्यक्तीच्या पायावर जखम वा काळा डाग दिसणे. दुखण्यासोबत ताप अथवा वजन घटणे. यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुजलेली पोटरी चोळू नये. शिरेतील रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते.

आराम कशाने पडतो

गुडघ्याच्या झिजेवर सर्वांत खात्रीचा उपाय व्यायाम हाच होय. पाय सरळ ठेवून मांडीचे स्नायू आवळावेत, पाच मोजेपर्यंत धरावेत आणि सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावे. अंगावरचे जादा वजन थोडे उतरले तरी गुडघ्यांचा भार पुष्कळ हलका होतो. सायटिकात अंथरुण धरून राहू नये; सोसवेल तेवढे हिंडते-फिरते राहावे. रोहिण्यांच्या रोगात तंबाखू कायमची सोडावी. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. असा नियम आठवड्यातून किमान तीनदा, तीन महिने पाळला तर चालण्याचे अंतर वाढते. फुगलेल्या शिरांसाठी घट्ट मोजे उपयोगी पडतात. मात्र रोहिण्या अरुंद असतील तर ते घातक ठरतात, म्हणून तपासणीवाचून वापरू नयेत.

हळदीचा लेप व शेक यांची घरोघरी प्रथा आहे. कातडी फुटलेली नसेल तर लेपाने अपाय नाही. परंतु रोगनिदानाची जागा तो घेऊ शकत नाही. ज्यांचे तळपाय बधिर आहेत त्यांनी गरम पाण्यात पाय कदापि बुडवू नयेत. पाणी भाजते आणि ते कळतही नाही. अशांनी रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत व अनवाणी फिरू नये.

सर्वांत मोठा धोका आहे तो सल्ल्यावाचून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा. त्या महिनोन्‌महिने घेतल्यास जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ‘एका इंजेक्शनात आराम’ किंवा नाव नसलेल्या पुड्या यांमागे पुष्कळदा स्टेरॉईड असते. त्याने चार दिवस बरे वाटते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, खुब्याचे हाड सुकते आणि ज्या पायासाठी औषध घेतले तोच पाय कायमचा अधू होतो.

गावाने काय करावे

उपाय केवळ दवाखान्यात नाहीत. उकिडवे बसण्याऐवजी बुटकी तिवई, लांब दांड्याचे कोळपे, दातेरी विळा आणि दर तासाला थोडा वेळ उभे राहणे एवढ्यानेही गुडघ्यांचे कष्ट कमी होतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे श्रम हलके करणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ काम झाले आहे. ही साधने बचत गटांमार्फत गावात आणून हंगामात आळीपाळीने वापरणे पंचायतीस अवघड नाही.

आशा कार्यकर्तीच्या मदतीने तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व साखरेची तपासणी पूर्ण होईल, हे सदस्यांनी पाहावे. शिक्षकांनी वर्गात लंगडणाऱ्या व वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाची नोंद घेऊन पालकांना आरोग्य केंद्राकडे पाठवावे. अधिकाऱ्यांनी गावातील बैठकांत वेदनाशामक गोळ्यांविषयी दोन शब्द सांगावेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत; गरिबाने पैशाअभावी दुखणे अंगावर काढण्याचे कारण त्यामुळे कमी झाले आहे.

नर्सी नामदेव ज्या जिल्ह्यात आहे, तेथील माणसाला पायी वारीचे मोल सांगावयास नको. ज्या पायांवर शेत उभे राहते आणि वारी घडते, त्यांची तक्रार ‘होतेच वयोमानाने’ म्हणून सोडून न देता ती कधी व कशाने होते, हे प्रथम विचारले जावे. कारण कळले म्हणजे निम्मा उपाय हाती आला.