चेकच्या पाठीवरची सही

व्यापाराच्या इंग्रजीतलं ‘एंडॉर्स’ हे क्रियापद बँकेत भेटतं, विमा कंपनीत भेटतं आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतही. मुळात लॅटिनमध्ये ‘डॉर्सम’ म्हणजे पाठ. कागदाच्या पाठीवर सही करणं, एवढंच हे काम.

समजा, मार्केट यार्डातल्या एका आडत्याला त्याच्या नावाचा पंचवीस हजारांचा चेक मिळाला. त्यावर रेघा मारलेल्या नाहीत. त्याला बारदानवाल्याचे तेवढेच पैसे द्यायचे आहेत. तो चेक उलटा करतो, मागे बारदानवाल्याचं नाव घालून खाली सही करतो आणि चेक त्याच्या हवाली करतो. व्यवहार मिटला! पण १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट इथे आडत्याला मोकळा सोडत नाही. चेक वटला नाही, तर बारदानवाला चेक लिहिणाऱ्याला धरू शकतो, तसाच रीतसर कळवून आडत्यालाही. सहीबरोबर ‘सान्स रिकोर्स’, म्हणजे ‘माझ्यावर जबाबदारी नाही’, असं लिहून अंग काढून घेता येतं. पण असा चेक कोण शहाणा घेईल? आता बहुतेक चेक ‘अकाउंट पेयी’ असतात, त्यामुळे ही चाल जवळजवळ मोडलीच.

विम्यात एंडॉर्समेंट म्हणजे चालू पॉलिसीत केलेला बदल. गाडीला मागाहून सीएनजी किट बसवलं, तर आरसी बुकात नोंद हवी आणि पॉलिसीवर एंडॉर्समेंटही. थोडा प्रीमियम वाचवायला लोक ते टाळतात, आणि क्लेम अडकला की एजंटाच्या नावाने बोटं मोडतात.

जाहिरातीत मात्र सही गेली आणि चेहरा आला. १९४१मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. या साबणाची भलामण करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय नटी. पण आडत्याच्या डोक्यावर जी जोखीम होती, तशी नटनट्यांवर थेट यायला २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा उजाडावा लागला. फारच उशीर झाला, असं मला वाटतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी आता भलामण करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्षापर्यंत जाहिरातबंदी, नंतर ती तीन वर्षांपर्यंत. आधी नीट शहानिशा केली होती, हे दाखवता आलं तर सुटका.

मोबाइलवर क्रीम आणि शॅम्पूचे गोडवे गाणाऱ्यांसाठी २०२३मध्ये केंद्र सरकारने वेगळ्या सूचना काढल्या. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर ती जाहिरात आहे हे ठळक सांगायचं, आणि ज्या भाषेत कौतुक केलं त्याच भाषेत सांगायचं. मराठीत तोंड भरून स्तुती करायची आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजीत ‘स्पॉन्सर्ड’ लिहायचं, हे त्यात बसत नाही.