दारू आणि देहाचा जमाखर्च



ज्या जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी सेगावला राहावयास आले आणि ज्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेथे दारूवर व्याख्यान कशाला, असे काहींना वाटेल. पण बंदी आहे म्हणून दारू नाही, असे मानण्याइतके आपण भोळे नाही. मी नीतीचे प्रवचन करणार नाही. ते अधिकारी माणसांनी पुष्कळ केले आहे. हिंगणघाटच्या एका जिनात रुईच्या गाठी उचलणाऱ्या हमालाने मला एक प्रश्न विचारला, त्याचेच उत्तर द्यावयाचे आहे. तो म्हणाला, "भाऊ, दारूनं वजन वाढते म्हन्ते. मी वीस वर्सं झाले पितो, अन् पाहा, काडी झालो. मंग?"

मजुरीच्या प्रश्नांची उत्तरे मला तोंडपाठ असतात. हे नव्हते. वाचावे लागले, डॉक्टरांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

आधी हिशेब पाहू. एक ग्रॅम पिठुळ पदार्थातून सुमारे ४ उष्मांक मिळतात, चरबीतून ९, आणि दारूतील मद्यार्कातून ७. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेला १८० मिलिलिटरचा एक पव्वा म्हणजे साठ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे सव्वाचारशे उष्मांक. सव्वाशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून जवळजवळ तेवढेच मिळतात. पण भाकरीत प्रथिने आहेत, लोह आहे, जीवनसत्त्वे आहेत. पव्व्यात यातले काही नाही. मोहाच्या हातभट्टीत मद्यार्क किती, हे तर गाळणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता खरी गोष्ट. साखर आणि चरबी शरीर साठवू शकते. मद्यार्क साठविण्याची कोठी त्याच्यापाशी नाही. शिवाय तो विषारी. म्हणून यकृत, ज्याला खाटकाच्या दुकानी आपण कलेजी म्हणतो, ते हातचे काम टाकून त्याच्यामागे लागते. जिनात कापसाला आग लागली की काय होते ते आपण पाहिलेले आहे. सगळे बादल्या घेऊन धावतात आणि कापसाच्या गाड्या फाटकाशी तशाच खोळंबतात. येथे त्या गाड्या म्हणजे चरबी. साठ ग्रॅम मद्यार्क निपटायला सहा ते आठ तास लागतात. तोवर चरबीचे जळण मंदावते आणि काही चरबी यकृतातच साचते. १९९२ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी आठ निरोगी पुरुषांना बंद खोलीत ठेवून श्वास मोजले. दिवसाच्या उष्मांकांपैकी चौथा हिस्सा मद्यार्कातून दिला, तेव्हा चरबी जळण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. रात्रीची पोळी सोडून पेला मात्र ठेवणाऱ्या आणि शनिवारी नागपूरची वाट धरणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय मित्रांनी हे ध्यानी घ्यावे.

मग आमचा हमाल काडी का झाला? कारण तो जेवत नाही. चोरून प्यायची म्हणून घाईने, उपाशीपोटी प्यायची. मग भूक मरते. खाल्लेलेही आतड्यात नीट शोषले जात नाही. यकृत मद्यार्कात गुंतलेले, त्यामुळे नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम अडते. उपाशी माणसाची रक्तातील साखर एकाएकी खाली येते, तो कोसळतो, आणि लोक म्हणतात, झिंगला. ओझे उचलणारे स्नायू झिजतात. वजन घटते खरे, पण जे जायला नको होते ते जाते. पुढे हातपाय काटकुळे आणि पोट पाण्याने फुगलेले, अशी माणसे आपण गल्लीगल्लीत पाहिली आहेत. तेथे तर काट्यावर वजन वाढलेलेही दिसेल!

आणि बारीक दिसणे म्हणजे चरबी नसणे नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांची तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. येथे दारूचा संबंध नाही. आपल्या लोकांची ठेवणच अशी. त्यावर दारूची भर पडली की काय होईल, याचा विचार करावा.

आपल्या जिल्ह्यातली अडचण आणखी निराळी आहे. दारू गुन्हा आहे, म्हणून रोगी डॉक्टरला खोटे सांगतो. पोट दुखते सांगतो, अशक्तपणा सांगतो, प्यालो ते सांगत नाही. रोजची भारी सवय एकाएकी सोडली तर थरकाप सुटतो, झटके येतात, क्वचित जीवही जातो. म्हणून सोडतानाही डॉक्टर जवळ हवा. यकृतात नुसती चरबीच साचली असेल, तर दारू बंद केल्यावर काही आठवड्यांत ती ओसरू लागते. यकृत आक्रसून निबर झाल्यावर तसे होत नाही.

हे सारे मी त्या हमालाला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "डाक्टर पोलिसाले त सांगनार नाही ना?" रोग्याने विश्वासाने सांगितलेले पोटात ठेवणे हा वैद्याचा धर्म आहे, असे मी म्हणालो, त्याला ते पटले नाही. अखेर सोमवारी मीच सोबत गेलो. डॉक्टरांनी विचारले, "रोज किती?" त्याने आधी माझ्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि दोन बोटे वर केली.