बादली-बादलीने कोळसा

१९४६ सालची शेवटची रात्र. युद्धानं बेचिराख झालेल्या कोलोन शहरात हाडं गोठवणारी थंडी आणि घरोघरी विझलेल्या शेगड्या. त्या रात्री कार्डिनल योझेफ फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगितलं, की जगण्यापुरतं जे लागतं ते कष्ट करून किंवा मागूनही मिळत नसेल, तर माणसानं ते घ्यावं. लोकांना काय समजायचं ते समजलं. मालगाडीतला कोळसा गुपचूप उचलण्याला जर्मन भाषेत नवं क्रियापदच मिळालं : ‘फ्रिंगझेन’!

अशा दिवसांत जर्मनीच्या रूर भागातल्या विटेन गावाजवळच्या मुट्टेन खोऱ्याचं नशीब पुन्हा उघडलं. या भागातला कोळसा उत्तरेकडे खोल खोल उतरत जातो. दक्षिणेला, रूर नदीच्या काठी, त्याचे थर थेट जमिनीवर डोकं काढतात. जुन्या खाणवाल्यांनी त्यातला बराचसा केव्हाच नेला होता. उरले होते ते पातळ म्हणून सोडून दिलेले थर आणि छत तोलायला ठेवलेले कोळशाचे खांब. मोठ्या कंपनीला न परवडणारं हे उरलंसुरलं मूठभर माणसांना मात्र पुरेसं होतं.

१९४५ नंतरच्या तीस वर्षांत रूरमध्ये अशा हजारभर छोट्या खाणी निघाल्या. ‘क्लाइनझेखे’, म्हणजे छोटी खाण, हे त्यांचं नाव. टेकडीच्या पोटात शिरणारा बोगदा, तोंडाशी एखादी शेड, माल ओढायला विंच, रुळांवरून घरंगळणारी लोखंडी गाडी; बस्स, एवढाच संसार. कित्येक खाणी दोन-चार वर्षांत आटोपल्या.

आतलं काम मात्र छोटं नव्हतं. थर पातळ असला की खाणकामगार कुशीवर पडून कोळसा फोडायचा. डोक्यावरच्या खडकाला टेकू लावायचे ते शक्यतो स्प्रूस किंवा पाइनचे. ही लाकडं मोडण्याआधी करकरतात. तो आवाज कानावर पडला की हातातलं काम टाकून बाहेर पळायचं. कामगारांचा त्या करकरण्यावर केवढा भरवसा असेल!

१९५८पासून वारं फिरलं. स्वस्त खनिज तेल आणि परदेशी कोळसा आला, खाणींच्या आवारात न विकलेल्या कोळशाचे ढीग साचले. सप्टेंबर १९५९मध्ये साठेक हजार खाणकामगार तेव्हाच्या राजधानीत, बॉनमध्ये, मोर्चानं गेले. मोठ्या खाणींच्या बंद होण्याची चर्चा देशभर झाली. छोट्या खाणींच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. रूरमधली शेवटची क्लाइनझेखे, विटेनची ‘एगबर्ट’, १९७६मध्ये थांबली.

तिचा छोटा मनोरा मुट्टेन खोऱ्यातल्या पायवाटेवर अजून उभा आहे. जवळच्या नाख्टिगाल खाणीच्या संग्रहालयात छोट्या खाणींसाठी एक वेगळा विभाग आहे, ‘झेखे आयमरवायझे’. आयमरवायझे म्हणजे बादली-बादलीने. तिथून डोक्यावर शिरस्त्राण चढवून पाहुणे डोंगरातल्या बोगद्यात शिरतात आणि जिथला तिथे राहिलेला कोळशाचा काळा पट्टा जवळून पाहतात.